दसऱ्याला घेतलेली सॉलिड टॉप गिटार: अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्याला ही गिटार घरी आली. परवा गणपती उठले, म्हणजे अकरा महिने झाले. एवढ्यात बडोद्याचा हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा तिने काढला, तारांचे पाच सेट बदलून झाले, एकदा कारागिराकडेही जाऊन आली. दुकानात दहा मिनिटं वाजवून जे मत झालं होतं, त्यातलं बरंचसं नंतर बदललं. म्हणून इतके दिवस थांबून लिहितोय.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे माझा अनुभव आपल्याला लागू पडतो का हे ज्याचं त्याला ठरवता येईल. वय सत्तेचाळीस, केमिकल कंपनीत शिफ्टची नोकरी, मांजलपूरला फ्लॅट. गिटार कुणाकडे रीतसर शिकलो नाही. कॉलेजात एका मित्राकडे ईगल्स, पिंक फ्लॉइड, बीटल्स, क्रीडन्स यांच्या कॅसेट होत्या. त्या घासून घासून ऐकायच्या आणि एकमेकांचे हात बघून कॉर्ड बसवायचे, एवढंच शिक्षण. आजही तीच गाणी वाजवतो आणि गातो. लीड वाजवायची मला हौस नाही. गाणं पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत एकट्याने गिटारवर म्हणता यावं, एवढीच माझी ओढ आहे. तेव्हा पुढचं सगळं एका गाणाऱ्या माणसाने लिहिलंय असं समजून वाचा.

कंपनीचं नाव लिहीत नाही. जे सांगणार आहे ते याच बांधणीच्या आणि याच किमतीच्या बहुतेक गिटारींना लागू आहे, आणि माझ्या हाती आलेल्या एका नगावरून कुठल्याही कंपनीला पास-नापास करणं मला बरोबर वाटत नाही. बांधणी अशी: पुढची फळी अखंड स्प्रूस लाकडाची (म्हणूनच ‘सॉलिड टॉप’), मागची आणि बाजूची प्लायची, आकार ड्रेडनॉट, नटची (डोक्याजवळ तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) रुंदी ४३ मिमी, नटपासून सॅडलपर्यंत (पोटावर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारेची लांबी ६५० मिमी. पिकअप, म्हणजे आवाज स्पीकरला पोचवणारा आतला माइक, नाही. कव्हर धरून अठरा हजाराच्या आसपास गेले.

आधीची गिटार वीस वर्षं वापरली, ती पूर्ण प्लायची. प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ थर, एकाचे रेषे उभे तर दुसऱ्याचे आडवे, असे एकमेकांवर चिकटवलेले. त्यामुळे ती फळी हवेने फुगत नाही, आकसत नाही, पण थरथरतेही कमी. अखंड फळीचे रेषे एकाच दिशेने जातात आणि तार छेडली की सगळी फळी मोकळी हलते. हा फरक मला दुकानात नीट कळला नव्हता. रात्री घरी, पंखा बंद करून ई मायनरचा एक कॉर्ड सावकाश सोडला, तेव्हा कळला. तारेवरचं बोट उचलल्यावरसुद्धा सूर खोलीत रेंगाळत होता. पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’ या १९७५च्या गाण्याची सुरुवात मी वीस वर्षं वाजवतोय, पण त्यातल्या दोन सुरांमधली शांतता पहिल्यांदा भरलेली वाटली. त्या रात्री मी ती सुरुवात अर्धा तास नुसती वाजवत बसलो होतो, गायलोच नाही.

पण त्याच रात्री दुसरीही गोष्ट लक्षात आली. एफचा बॅरे कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचा, धरताना तर्जनी दुखत होती. ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’, ॲनिमल्सने १९६४ साली गायलेलं, त्यात ए मायनर, सी, डी आणि मग एफ असा फेरा सतत फिरतो. तिसऱ्या कडव्यापर्यंत माझा एफ बसका यायला लागला. स्केल घेऊन मोजलं तर बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या, गिटारच्या दांडीवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) जाड ई तार फ्रेटपासून ३.२ मिमी उंच होती. अशा गिटारीला साधारण २.५ मिमी पुरते. नवी गिटार बहुतेकदा अशीच उंच तारांची येते, कारण तारा खाली आणता येतात, फार खाली असल्या तर वर न्यायला नवा सॅडल लागतो. दुकानात विचारलं तर ‘वाजवून वाजवून बोटं तयार होतील’ असं उत्तर मिळालं. हे उत्तर नवशिक्याला कुणीही देऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्या दुखण्यापायी गिटार माळ्यावर टाकलेली किती तरी मुलं मी पाहिली आहेत.

रावपुऱ्यात हार्मोनियम आणि तानपुऱ्याची कामं करणारा एक कारागीर आहे. गिटारींची कामं फार येत नाहीत म्हणाला, पण तानपुऱ्याची जवारी लावणाऱ्या हाताला सॅडल घासणं काय अवघड! त्याने आधी नटकडे बघितलं. पहिल्या फ्रेटवर त्रास होतो तो बहुधा नटच्या खाचा उथळ असल्यामुळे, आणि एफ तर पहिल्याच फ्रेटवर धरायचा असतो. त्याने बारीक कानशीने एकेक खाच खोल केली, मग सॅडल काढून खालच्या बाजूने घासला. इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: बाराव्या फ्रेटवर तार जेवढी खाली हवी त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. मला पाऊण मिलिमीटर हवं होतं, त्याने दीड घासलं. मी सेव उसळ खाऊन परत येईपर्यंत काम झालेलं होतं. सहाशे रुपये घेतले. अठरा हजाराच्या गिटारीवर सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च म्हणजे हे सहाशे.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो.

मी ही गाणी नेहमी मूळ पट्टीतच गात आलो. रेकॉर्डबरोबर वाजवून शिकलेलो, त्यामुळे दुसरं काही सुचलंच नाही. जुन्या रॉकमधले बहुतेक गायक उंच आवाजाचे. क्रीडन्सच्या जॉन फोगर्टीचा आवाज तर वरच्या सुरांत टणटणीत वाजतो. माझा गळा तिथवर जात नाही. मी ताणून न्यायचो आणि दुसऱ्या दिवशी आवाज बसायचा. जुन्या गिटारीवर हे झाकलं जायचं, कारण तिचा आवाजही कोरडा होता आणि मी जोरजोरात झोडपायचो. ही गिटार इतकं स्वच्छ वाजते की तिच्यासमोर माझा ताणलेला आवाज मलाच ऐकवेना. नोव्हेंबरात मी आठ-दहा दिवस गाणं सोडून नुसती वाजवली. तेवढे दिवस फार जड गेले.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दांडिया बाजारात आत्याकडे गेलो, गिटार बरोबर होती. आत्या आता पंचाहत्तरीला आली. तरुणपणी ती सूरसागरजवळच्या म्युझिक कॉलेजात गायन शिकली. सयाजीरावांच्या काळात, १८८६ साली मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा ती हीच. इंग्रजी गाणी तिने कधी ऐकली नाहीत, पण ‘वाजव बघू’ म्हणाली. मी ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला तिने हात वर करून थांबवलं.

“अरे, ओरडतोयस तू. ही तुझी पट्टी नाही.”

“आत्या, मूळ गाणं याच पट्टीत आहे गं.”

“असेल. ज्याने गायलं त्याच्या गळ्याची असेल ती. तुझी कुठली?”

मला सांगता येईना. वीस वर्षं गाणाऱ्या माणसाला आपली पट्टी माहीत नाही, याचं तिला खरंच वाईट वाटलं. तिने पेटी ओढली, मला डोळे मिटून कुठलीही आरती म्हणायला सांगितली, अगदी सहज, घरात म्हणतो तशी. मी म्हणत असताना तिने पेटीवर माझा सा शोधला. काळी एक, म्हणजे सी शार्प.

घरी येऊन हिशेब मांडला. गिटारवर उघड्या तारांचे सोपे कॉर्ड म्हणजे सी, डी, ई, जी, ए. काळी एक यात कुठेच नाही. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा, लावला की पट्टी वर जाते, खाली येत नाही. पण सहाही तारा अर्धा सूर उतरवल्या तर? मग डीच्या आकारात हात ठेवला की वाजते ती काळी एक. ईचा आकार काळी दोन, जीचा काळी तीन, एचा काळी चार. सगळा गळा समोर मांडून ठेवल्यासारखा झाला. आणि हे काही मी नवं केलं नव्हतं. जिमी हेन्ड्रिक्सची बरीच ध्वनिमुद्रणं अर्धा सूर उतरवलेल्या गिटारीवरची आहेत, गन्स अँड रोझेसचीही. मला ते वर्षानुवर्षं माहीत होतं, पण ते गिटारीच्या आवाजासाठी करतात एवढंच मी धरून चाललो होतो.

‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची गोष्ट तर मला यानंतरच कळली. ईगल्सचा गिटारवादक डॉन फेल्डर याने ती मुलाखतींत सांगितली आहे. चाल त्याची. सुरुवातीला ती ई मायनरमध्ये ध्वनिमुद्रित झाली, पण गायक डॉन हेन्लीला गाताना ती फार उंच पडली. मग सूर शोधत शोधत ते बी मायनरवर आले. बारा तारांच्या गिटारवर सातव्या फ्रेटला कॅपो लावून ती सुरुवात वाजते, ती त्यामुळेच: हाताचे आकार जुने ई मायनरचेच राहिले, सूर बी मायनरचे झाले. १९७६चं हे गाणं ज्यांनी केलं त्यांनीच गायकाच्या गळ्यासाठी सगळी पट्टी हलवली, आणि मी ती बदललेली पट्टी देवाज्ञा मानून गळा फाडत होतो.

मी ते आता असं वाजवतो: ए मायनर, ई, जी, डी, एफ, सी, डी मायनर, ई. मूळ बी मायनरच्या फेऱ्याचेच हे कॉर्ड, एक पूर्ण सूर खाली. गिटार अर्धा सूर उतरवलेली, म्हणून एकूण दीड सूर खाली. सगळ्या फेऱ्यात बॅरे फक्त एकदा, एफला. पहिल्यांदा असं गायलो त्या रात्री शेवटचं कडवं संपलं तरी गळ्यात जागा उरली होती. इतकी वर्षं त्या कडव्यात माझं सगळं लक्ष सूर गाठण्यावर असायचं, शब्द मी कधी म्हटलेच नव्हते असं वाटलं. बायको बाहेर येऊन म्हणाली, “हे नवीन गाणं का?”

क्रीडन्सची सीमधली गाणी एच्या आकारात, म्हणजे काळी चारमध्ये गातो. ती माझ्या गळ्यात थोडी गंभीर होतात, पण खोटी वाटत नाहीत.

पट्टी उतरवल्याने काही जातंही, ते सांगायला हवं. ‘हिअर कम्स द सन’ १९६९चं, बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने कॅपो सातव्या फ्रेटवर लावून डीच्या आकारात वाजवलंय. इतक्या वर कॅपो लावल्यामुळे तारा आखूड होतात आणि गिटार जवळपास मॅन्डोलिनसारखी चमकते. ते खाली आणलं की गाणं राहतं, ऊन जातं. म्हणून ते मी उतरवलं नाही. अर्धा सूर खाली असलेल्या गिटारीवर कॅपो आठव्या फ्रेटला लावतो, मी वाजवतो आणि मुलगी गाते. तिचं वय तेरा, तिला ती पट्टी सहज जमते. इथेही तारांची उंची कमी केल्याचा फायदा दिसला. पूर्वी वरच्या फ्रेटवर कॅपो लावला की तार खाली दाबली जाताना ताणली जायची आणि सूर चढा लागायचा. आता फारच थोडा फरक पडतो. कॅपो मात्र स्प्रिंगचा न घेता स्क्रूचा घ्या, दाब हवा तेवढाच देता येतो.

तारांबद्दल थोडक्यात. गिटारीवर १२ ते ५३ जाडीच्या (ही जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात) फॉस्फर ब्रॉन्झ तारा होत्या. बोटं दुखतात म्हणून मी मध्ये ११चा सेट लावून पाहिला, आवाज पातळ झाला. अर्धा सूर उतरवल्यावर तर त्या तारा सैल पडून फ्रेटवर खडखडायला लागल्या. पुन्हा १२ लावल्या आणि उतरवूनच ठेवल्या. अर्धा सूर उतरवला की तारेवरचा ताण साधारण ११ टक्के कमी होतो, त्यामुळे १२ची तार बोटाखाली ११च्या जवळपास वाटते आणि आवाजातला भरीवपणा जात नाही. गाणाऱ्यांना मी हीच जोडी सुचवेन. साध्या तारा पावसाळ्यात माझ्या हाताच्या घामाने सहा आठवड्यांत काळ्या पडल्या. कोटिंगच्या तारा दुप्पट महाग, पण त्या त्याहून कितीतरी जास्त टिकतात.

आता बडोद्याच्या हवेबद्दल. अखंड फळीची गिटार घेणाऱ्याने हे वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. अशा गिटारीला हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आवडते. मी साडेतीनशे रुपयांचं डिजिटल हायग्रोमीटर आणून खोलीत ठेवलं. उत्तरायणाच्या सुमारास दुपारी ३४ दाखवत होतं, मार्चअखेर २४, जुलैत ८८. म्हणजे तिला आवडणारी हवा इथे वर्षातून मोजके आठवडे मिळते.

एप्रिलमध्ये एका रात्री नेकवरून हात फिरवताना कडेला काहीतरी टोचलं. फ्रेटची टोकं बाहेर आली होती. खरं तर फ्रेट जागच्या जागीच असतात, लाकूड आकसून आत जातं. पुढची फळी जराशी खाली बसली, तारा खाली आल्या आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर खर्रर आवाज यायला लागला. मी घाबरलो. त्यात चूक माझीच होती. त्या खोलीत रात्रभर एसी चालायचा, तो उरलासुरला ओलावाही ओढून घेतो, आणि गिटार भिंतीवर उघडी टांगलेली. तिला कव्हरमध्ये ठेवायला लागलो. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडून आत घट्ट पिळलेला स्पंज ठेवला आणि डबी कव्हरमध्ये, गिटारच्या डोक्याजवळ. पाणी ठिबकता कामा नये, एवढं बघायचं. तीन आठवड्यांत खरखर गेली, टोचणं बरंच कमी झालं.

जुलैत उलटं. ब्रिजच्या, म्हणजे सॅडल बसवलेल्या लाकडी तुकड्याच्या, मागे फळी फुगली आणि बाराव्या फ्रेटवर २.४ असलेली तार २.९वर गेली. स्पंज काढला, सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या सळईला, हात लावायचा मोह झाला, लावला नाही ते बरं केलं. ट्रस रॉड नेकचा बाक सरळ करतो, फुगलेल्या फळीवर त्याचा उपाय नाही. नेक खरंच वाकली असेल तरच, तोही पाव फेरा फिरवून एक दिवस थांबावं. ऑगस्टअखेर तार २.६वर आली आणि मी तिथेच समाधान मानलं.

एवढी निगा जमणार नसेल तर सरळ प्लायची घ्या. हे मी कमीपणाने म्हणत नाही. माझ्या जुन्या गिटारीने वीस पावसाळे काही न करता काढले.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ड्रेडनॉट हा मोठ्या पोटाचा आकार मार्टिन कंपनीने पहिल्यांदा १९१६ साली बनवला आणि त्याला ब्रिटिश युद्धनौकेचं नाव मिळालं. आकारच दणदणीत आवाजाचा. माझा आवाज मध्यम, आणि सुरुवातीला गिटार त्याला गिळून टाकायची. तारा छेडायचं जाड पिक सोडून ०.६० मिमीचं घेतलं, साउंडहोलच्या (फळीतल्या गोल भोकाच्या) थोडं नेककडे वाजवायला लागलो, कडव्यात खालच्या दोन जाड तारा जवळजवळ सोडूनच देतो आणि ध्रुवपदाला सगळ्या घेतो. सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला वाजवायचं असेल तर नुसत्या बोटांनी. कुणाचा आवाज अगदीच हळू असेल तर त्याने लहान पोटाची गिटार बघावी असं माझं आता मत झालंय.

पिकअप नसल्याची उणीव एकदाच भासली. सोसायटीच्या गणपतीत करमणुकीच्या कार्यक्रमाला मला दोन गाणी म्हणायला सांगितली. माइक साउंडहोलसमोर ठेवला आणि पहिल्याच कॉर्डला स्पीकर घुमला, समोरच्या म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. माइक नेक जिथे पोटाला मिळते तिथे, चौदाव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर सरकवला आणि घुमणं थांबलं. मग दीड सूर खाली आणलेलं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ पूर्ण गायलो. पुढच्या रांगेत आत्या होती. शब्द तिला कळले नाहीत, पण नंतर प्रसाद हातावर ठेवताना म्हणाली, “आज गायलास.” लोकांसमोर वरचेवर वाजवणार असाल तर तीन-चार हजार जास्त घालून पिकअपवाली घ्या. मी पुन्हा घेतली तरी बिनपिकअपचीच घेईन.

जुनी प्लायची गिटार विकली नाही. ती आता आत्याकडे, दांडिया बाजारातल्या ओलसर माजघरात खुंटीला असते. मी गेलो की आधी तिच्या पेटीशी जुळवून घेतो. आत्याची पट्टी काळी पाच. एचा आकार आणि पहिल्या फ्रेटला कॅपो.